जावयाच्या तोंडचा फेस

माझे भावोजी घोड्याला घाबरतात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे त्यांनी जे केलं त्याची कदर होईल. ते कुत्र्याला घाबरत नाहीत, भट्टीच्या धगीला घाबरत नाहीत, माझ्या ताईलाही घाबरत नाहीत असं ते म्हणतात. पण समोरून घोडा आला की रस्ता ओलांडून पलीकडे जातात. कारण विचारलं तर सांगतात, "एवढं मोठं जनावर, आणि आपल्याकडे बघतं एकाच डोळ्यानं. दुसऱ्या डोळ्यात काय चाललंय, कुणाला ठाऊक?"

आमची बेकरी आहे. म्हणजे मूळची वडिलांची. भावोजी तिथे पाव भाजायला आले, ताईशी लग्न केलं आणि वरच्या मजल्यावर राहायला लागले. त्यांना घरजावई म्हटलेलं खपत नाही. "मी आधी भट्टीवाला, मग जावई," असं ते ऐकवतात. मी पुढे गल्ल्यावर बसते, ते मागे भट्टीपाशी. मधल्या भिंतीला बोलण्यासाठी एक झरोका ठेवलाय, पण तो कधी कामाला आला नाही. भावोजी कुजबुजले तरी रस्त्यावरची माणसं वळून बघतात.

त्यांची एकुलती एक मुलगी टिल्ली. लहानपणी एवढीशी होती म्हणून टिल्ली. आता बापापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव काही तिच्याबरोबर वाढलं नाही. बेकरीच्या मागच्या रस्त्यावर घोडेस्वारीची शाळा आहे. तिथल्या शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, रोज सकाळी आमच्याकडे गरम बन न्यायला यायच्या. त्यांच्याशी टिल्लीनं परस्पर ठरवून टाकलं, की हिनं तबेला झाडायचा आणि त्यांनी हिला शिकवायचं. भावोजी म्हणाले, "लीद उचलू दे चार दिवस, हौस फिटेल." लीद उचलण्यात कॉलेजची वर्षं आली, हौस फिटली नाही.

टिल्ली शिकत होती त्या प्रकाराला ड्रेसाज म्हणतात. यात घोडा पळवायचा नसतो की उडवायचा नसतो. वाळूच्या लांबट मैदानात त्याला सरळ रेषेत, गोल वळणात, कधी ठुमकत, कधी तिरपा असा चालवायचा. आणि वर बसलेला माणूस नुसता बसलाय असं वाटलं पाहिजे. भावोजी पहिल्यांदा बघून आले ते वैतागून. "अर्धा तास उभा होतो बाई, काही घडलंच नाही!"

"काही घडत नाही असं दिसायलाच चार वर्षं लागतात," बाई म्हणाल्या.

टिल्लीला मिळालेल्या घोड्याचं खरं नाव फार भारदस्त होतं, पण ते स्पर्धेच्या फलकापुरतं. तबेल्यात त्याला सगळे 'जावई' म्हणायचे. खायला वेळेवर हवं, कामाचं नाव काढलं की तोंड पाडायचं, आणि जरा मनाविरुद्ध झालं की भिंतीकडे तोंड करून रुसायचं. नाव अगदी शोभून दिसत होतं. पंचाईत एवढीच, की मैदानात बाई ओरडायच्या, "जावई झोपलाय! दे त्याला टाच!" आणि कठड्याशी उभे असलेले भावोजी दचकून ताठ व्हायचे. एकदा बाईंनी निरोप पाठवला, जावयाचा पाय मुरगळलाय, दोन दिवस विश्रांती द्या. ताईनं विचारलं, "ह्यांना की त्याला?"

तर टिल्लीची पहिली स्पर्धा झाली. आकडे बरे होते, पण परीक्षकांनी शेरा दिला, "तोंड अस्वस्थ."

"कुणाचं?" भावोजींनी विचारलं.

"घोड्याचं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी शांतपणे समजावलं. घोड्याच्या तोंडात लोखंडी कडी असते, तिला लगाम जोडलेला असतो, त्यामुळे स्वाराच्या हाताचं सगळं बरंवाईट आधी घोड्याच्या तोंडाला कळतं. त्याला त्रास होत असेल तर तो तोंड उघडतो, दात करकरा खातो, जीभ बाजूला काढतो, नाहीतर ओठ आवळून घेतो आणि तोंडाच्या कोपऱ्यांना सुरकुत्या पडतात. "निवांत असला की कडी हलकेच चघळतो, लाळ गिळतो. मग ओठांना थोडासा पांढरा फेस येतो."

"फेस?" भावोजी चक्रावले. "अहो, तोंडाला फेस येईपर्यंत राबवलं असं आपण म्हणतो, आणि ते चांगलं?"

"राबून येतो तो वेगळा, लाळ गिळता येत नाही म्हणून गळतो तो वेगळा, आणि हा वेगळा. नुसत्या फेसावर जायचं नसतं. सगळा घोडा बघायचा."

पण भावोजींच्या डोक्यात सगळा घोडा मावेना. तोंड तेवढं मावलं. दुसऱ्या दिवसापासून ते गळ्यात दुर्बीण अडकवून कठड्याशी हजर. घोडा लांब, मधे कठडा, त्यामुळे भीती नाही. टिल्ली समोरून गेली की यांचा आवाज सुटायचा. "तोंड! तोंड बघ त्याचं! उघडलं! अगं, उघडलं!" मागच्या रस्त्यावरचं ते ओरडणं मला गल्ल्यावर ऐकू यायचं आणि माझ्या हातातून सुटे पैसे पडायचे.

बरं, हा अभ्यास मैदानातच राहता तर ठीक होतं. भावोजी घरीही सगळ्यांची तोंडं वाचायला लागले. जेवताना ताईकडे टक लावून म्हणाले, "तुझा खालचा ओठ आवळलाय."

"आवळलाय, कारण आत जे आहे ते बाहेर आलं तर तुम्हाला झेपणार नाही," ताई म्हणाली. "आणि माझ्या तोंडासमोरची ती दुर्बीण काढा आधी."

गिऱ्हाइकंही सुटली नाहीत. निवृत्त मुख्याध्यापक रोज टोस्ट न्यायला येतात. भावोजींनी त्यांना गाठलं. "सर, जबडा डावीकडे सरकतोय तुमचा. काही ताण आहे का मनावर?"

"मनावर नाही, दाढेवर आहे," सर म्हणाले. "काल तुमचे टोस्ट खाल्ले."

त्याच सुमारास भावोजींना शाळेच्या मैदानात एक पांढरी घोडी दिसली. ती एका वकिलीणबाईंची होती, स्पर्धेत दरवेळी पहिली यायची, आणि तिच्या ओठांवर कायम पांढऱ्याशुभ्र फेसाची रेघ. "लिपस्टिक लावल्यासारखी!" भावोजी मला सांगत होते. "आणि आमच्या जावयाचं तोंड बघ, वाळवंट! बाकी पोरीत काही कमी नाही. कमी आहे तो फेस."

मी काउंटर पुसत होते. मला वाटलं, बोलून विसरतील. पण ज्या माणसानं आयुष्यभर अंडी फेटली त्याच्या डोक्यात फेसाचा विचार शिरला तर तो तसा निघत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या स्पर्धेला ताई दुकान सांभाळायला थांबली आणि मी सँडविचचा डबा घेऊन गेले. टिल्ली कपडे बदलायला गेली होती. बाई दुसऱ्या एका मुलाला मैदानात सोडायला गेल्या होत्या. मी जावयाच्या खोपटाशी पोचले तर आत भावोजी. घोड्याच्या शेजारी! एका हातात बर्फात ठेवलेला स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात केकवर नक्षी काढायची क्रीमची पिशवी.

"भावोजी, हे काय?"

"अंड्याचा पांढरा भाग आणि साखर. कडक फेटलाय, लवकर उतरणार नाही."

"तुम्ही घोड्याला घाबरता ना?"

"प्रचंड घाबरतोय. तू बोलू नकोस."

खरंच घाबरले होते. पण पिशवीची नळी त्यांनी घोड्याच्या ओठापाशी नेलीच. ती टेकेना, कारण नाकावरून जबड्याखाली जाणारा चामडी पट्टा इतका घट्ट होता की ओठ नुसते चेपून बसले होते. "बाप रे," भावोजी म्हणाले, "मी पावाच्या पिशवीचं तोंडसुद्धा एवढं आवळत नाही." त्यांनी पट्टा दोन भोकं सैल केला. घोड्यानं मोठा सुस्कारा सोडला. भावोजींनीही सोडला. मग नळी फिरली. हाताची इतक्या वर्षांची सवय, काय करणार? रेघ ओढता ओढता मनगट आपोआप वळलं आणि जावयाच्या ओठाच्या कोपऱ्यावर एक सुबक फूल उमटलं.

"फूल पुसा!" मी म्हणाले.

त्यांनी बोटानं पुसलं. जावयानं बोट चाटलं. भावोजी जागच्या जागी थिजले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मी ते टिल्लीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. "मऊ आहे गं जीभ," ते म्हणाले.

"वास कसला येतोय?"

"व्हॅनिला. नाहीतर अंड्याचा वास नाही का येणार?"

तेवढ्यात टिल्ली धावत आली, तिचा नंबर पुकारला होता. भावोजी घोड्याच्या तोंडासमोर असे छाती काढून उभे राहिले की तिला काही दिसू नये. ती घाईत वर चढली आणि निघाली.

मैदानात आत शिरल्यावर मध्यावर थांबून परीक्षकांना मान लववायची असते. टिल्ली थांबली. जावई थांबला. टिल्लीनं मान लववली, आणि जावयानं जीभ काढली. आधी डावीकडे फिरवली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, तिथलं फूल अर्धवटच पुसलेलं होतं. पुढे जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. घोडा ठुमकत चालला होता आणि जीभ बाहेर. वळला, जीभ बाहेर. तिरपा गेला, जीभही तिरपी. परीक्षकांच्या टेबलासमोर आल्यावर व्हॅनिला बहुतेक नाकात गेला असावा. त्यानं मान वर करून वरचा ओठ पार नाकपुड्यांपर्यंत दुमडला आणि सगळे दात परीक्षकांना दाखवले.

लोक हसायला लागले. टिल्लीला काय झालं ते कळेना. तिनं एकदा हळूच स्वतःच्या कोटाच्या गुंड्या बघितल्या. भावोजी दुर्बिणीमागे लपायचा प्रयत्न करत होते, पण दुर्बीण लहान आणि भावोजी मोठे.

बाहेर आल्यावर स्पर्धेचे तपासनीस आले. उंच, किडकिडीत, पांढरे हातमोजे घातलेले. त्यांनी जावयाच्या ओठावरून एक बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिले. "हा फेस नैसर्गिक नाही. साबण दिसतोय."

भावोजी गप्प राहिले असते तर कदाचित निभावलं असतं. मी त्यांची बाही धरली होती. पण साबण हा शब्द त्यांच्या काळजाला लागला.

"साबण?" ते गरजले. "साबण काय म्हणता साहेब! ताज्या अंड्यांचा आहे, आज सकाळी फेटलेला! खाऊन बघा!"

वर घोड्यावर टिल्लीनं डोळे मिटून घेतले. तपासनिसांनी खाऊन काही बघितलं नाही. टिल्लीला स्पर्धेतून बाद केलं, आणि वर एवढंच म्हणाले, "पुन्हा असं केलंत तर शाळेला बंदी येईल."

घरी टिल्ली बापाशी बोलेना. शेजारी बसून आईला सांगायची, "आई, बाबांना म्हणावं मीठ सरकवा." भावोजी माझ्यापाशी येऊन म्हणायचे, "तिचे ओठ बघितलेस? सरळ रेघ." त्या आठवड्यात त्यांचा पावाचा एक घाणा करपला. आमच्या बेकरीत असं कधी झालं नव्हतं.

मग एका सकाळी बाई बन घ्यायला आल्या आणि गेल्याच नाहीत. काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. भावोजींना आतून बोलावलं. ते हाताचं पीठ पुसत असे आले, जसा शाळेत मार खायला पोरगा येतो.

"तुम्ही केलंत ते चूकच," बाई म्हणाल्या. "घोड्याला अपाय झाला नाही हे नशीब. पण मला एक सांगा. जिभेचा प्रकार सोडला तर त्या दिवशी जावई पाठ सैल सोडून चालत होता. मागचे पाय कसे पोटाखाली येत होते! माझ्याकडे आल्यापासून असा चालला नव्हता. काय केलंत?"

भावोजी म्हणाले, "व्हॅनिला..."

"व्हॅनिलानं घोडा पाठ सोडत नाही."

"पट्टा," मी म्हणाले. "नळी जाईना म्हणून भावोजींनी नाकावरचा पट्टा सैल केला होता. दोन भोकं."

बाईंनी हातातला बन काउंटरवर ठेवला. मग म्हणाल्या, "तरीच जीभ बाहेर आली. घट्ट पट्ट्यात आलीच नसती. त्या पट्ट्याखाली दोन बोटं सरळ शिरली पाहिजेत. मी घरच्या सरावात बघते, स्पर्धेच्या दिवशी कुणी आवळला?"

जिन्यातून आवाज आला. "मी." टिल्ली पायरीवर उभी होती, अर्धी वेणी घातलेली. "सरावातही हल्ली हल्ली आवळायला लागले होते, तुमची पाठ फिरली की. पहिल्या वेळी त्यानं तोंड उघडलं म्हणून शेरा आला ना. म्हटलं, उघडूच द्यायचं नाही."

"पण तो उघडत का होता?"

टिल्लीनं बापाकडे बघितलं. आठवड्याभरात पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलली. "बाबा, पहिल्या स्पर्धेत मी घाबरून हात आवळले होते. पण तेव्हापासून तुम्ही कठड्यावरून 'तोंड, तोंड' करून ओरडता. तुम्ही ओरडलात की माझे हात आवळतात. हात आवळले की कडी त्याला टोचते, मग तो तोंड उघडतो. मग तुम्ही आणखी ओरडता."

"म्हणजे माझ्यामुळे?" भावोजींनी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. कुणीतरी नाही म्हणेल म्हणून थांबले. कुणी म्हणालं नाही. टोस्ट न्यायला आलेले मुख्याध्यापकसुद्धा छताकडे बघत राहिले.

"चुकलं माझंही," बाई शेवटी म्हणाल्या. "शिकवणारी मी आहे, पट्ट्यात बोट घालून बघायचं काम माझं. आज संध्याकाळी या तुम्ही सगळे."

संध्याकाळी मीही गेले, दुकान ताईवर टाकून. बाईंनी पट्टा सैल केला, टिल्लीला वर बसवलं आणि भावोजींना म्हणाल्या, "हं, ओरडा."

भावोजींनी घसा साफ केला. तोंड उघडलं. मिटलं. "असं सांगून नाही हो ओरडता येत."

टिल्ली एक फेरी मारून आली, दुसरी मारली. जावई छान चालला होता, जबडा हलत होता. मग कोपऱ्यावर वळताना तो जरासा कलला आणि भावोजींच्या तोंडून निसटलंच, "तोंड!"

आणि ते आम्ही सगळ्यांनी बघितलं, दुर्बिणीशिवाय. टिल्लीचे खांदे वर गेले, कोपरं अंगाला चिकटली, आणि पाठोपाठ घोड्याचा जबडा थांबला. ओठ आवळले, कोपऱ्याला सुरकुती पडली. भावोजींनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि माझ्या हातात दिली.

गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही, त्यामुळे बाईंनी उपाय काढला. पिशवीतून सकाळचा बन काढून त्यांच्या तोंडात दिला. "हा चावत राहा. संपला की दुसरा." त्या दिवसापासून भावोजी कठड्याशी बन चघळत उभे राहायचे आणि मैदानात जावई कडी चघळत फिरायचा. बाई म्हणायच्या, "दोघांचंही तोंड आता चांगलं चाललंय."

पुढच्या स्पर्धेत टिल्ली मधेच कुठेतरी आली. पांढरी घोडी नेहमीसारखी पहिली. टिल्लीला परीक्षकांनी शेरा दिला, "तोंड ठीक." आमच्या पावाला कुणी नुसतं ठीक म्हटलं तर भावोजींचं जेवण उडतं, पण हे 'ठीक' त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाबरोबर फुकट वाटलं. वकिलीणबाई त्यांना बाजूला घेऊन काहीतरी विचारत होत्या. मला वाटलं, आता कायद्याची नोटीस. पण त्या म्हणत होत्या, "त्या दिवशीचा तुमचा फेस फार टिकला हो. माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या केकवर तसाच मिळेल का?"

गेल्या महिन्यात टिल्लीनं नवीन हट्ट धरला. "बाबा, एकदा वर बसा." ताई म्हणाली, "विमा काढलाय का बघा आधी." बाईंनी जावयाला चढायच्या ठोकळ्याशी उभं केलं. भावोजी ठोकळ्यावर चढले, उतरले, पुन्हा चढले, पाणी प्यायले. शेवटी टिल्लीनं आणि मी दोन्ही बाजूंनी टेकू दिला तेव्हा ते एकदाचे खोगिरात पोचले. जावयानं मान वळवून एका डोळ्यानं बघितलं आणि पुन्हा पुढे बघायला लागला. टिल्ली लगामाला धरून त्याला चालवत निघाली.

भावोजींची दातखीळ बसली होती. इतकी वर्षं ओळखते त्यांना, पण एवढा वेळ त्यांचा आवाज आला नाही असं कधी झालं नाही. अर्धी फेरी झाल्यावर टिल्ली म्हणाली, "बाबा, श्वास सोडा." त्यांनी सोडला. मग हळूच पुढे वाकून घोड्याच्या मानेच्या या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं.

"टिल्ले," ते म्हणाले, आणि तो आवाज इतका लहान होता की आम्हाला जवळ जावं लागलं, "इथून त्याचं तोंड दिसतच नाही गं."

"नाहीच दिसत," टिल्ली म्हणाली.

"मग तुला कळतं कसं?"

तिनं त्यांचे दोन्ही हात धरून लगामावर नीट ठेवले, मुठी जरा सैल केल्या. "असं. थांबा थोडं. बोलू नका."

ते बोलले नाहीत. दोन फेऱ्या तसेच गेले, हातांकडे बघत. दुसऱ्या दिवशी पाय फाकवून भट्टीपाशी चालत होते. मुख्याध्यापकांनी विचारलं तर म्हणाले, "जिन्यावरून पडलो." टोस्टची पिशवी मात्र त्यांनी त्या दिवशी स्वतः बाहेर आणून दिली, आणि ती देताना सरांच्या तोंडाकडे बघितलं नाही.